अजून चालतंय की!

मोटारसायकल घ्यायला गेलेला माणूस रंग बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, बायकोला मागे बसवून ‘नीट बसता येतंय ना?’ असं दोनदा विचारतो, टाकीवर टिचकी मारून पत्रा जाड की पातळ ते ठरवतो आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी शोरूमबाहेर काढतो. या सगळ्यात चेनचा नंबर कुठेच लागत नाही. हार हँडलला, कुंकू हेडलाइटला, अक्षता टाकीवर. इंजिनाची सगळी ताकद जी मागच्या चाकापर्यंत नेऊन पोचवते तिच्या वाट्याला झेंडूची एक पाकळीही येत नाही.

अर्थात ती दिसायला तर हवी. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्यांना चेनवर वरून खालून पत्र्याचं कव्हर असतं. ते असण्याला कारण आहे. साडी, ओढणी, धोतर, शाळेच्या दप्तराचा लोंबता पट्टा, शेतातला चिखल हे सगळं आपल्याकडे मोटारसायकलवरूनच प्रवास करतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं साधन बसवणं कंपन्यांना सक्तीचं केलं आहे. आपलं साडीगार्ड ते हेच. म्हणजे साडीची काळजी सरकारने घेतली, चेनची मालकावर सोडली, आणि मालकाने ती कव्हरवर सोडली.

त्या कव्हरला एक छोटं रबरी बूच असतं. ते काढून आत बघायचं, चेन किती सैल आहे ते बोटाने चाचपायचं, अशी ती योजना. हे बूच कशासाठी आहे हे ठाऊक असलेला मालक मला अजून भेटायचाय. बूच पडलं की तिथून पाणी आत जातं एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते सगळ्यांचंच पडलेलं असतं. काही जण तिथे कागदाचा बोळा कोंबतात. पावसाळा संपेपर्यंत बोळा आत जातो आणि चेनबरोबर फिरून एकरूप होतो.

आमच्या सोसायटीतले अण्णा या बाबतीत मला नमुनेदार वाटतात. त्यांची उमेद गेली चेतकवर. चेतकचं इंजिन मागच्या चाकाला खेटून बसलेलं, ताकद गियरांमधून थेट चाकात, मध्ये चेन नावाचा प्रकारच नाही. गाडी सुरू होईना तर तिला एका बाजूला कलती करायची, पुन्हा उभी करायची, किक मारायची, एवढंच तिचं औषधपाणी. पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीला चेन ही सायकलला असते आणि ती फक्त पडण्यासाठी असते एवढंच ज्ञान होतं. मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात देशभर गाजली. जाहिरात पेट्रोलबद्दल होती. आपल्या लोकांनी ती गाडीच्या प्रत्येक भागाला लावली. अण्णांनी चेतक विकून शंभर सीसीची गाडी घेतली ती याच विसरून जाण्याच्या भरवशावर, आणि दिलेला शब्द त्यांनी कसोशीने पाळला.

आता त्या कव्हरच्या आत काय चाललेलं असतं ते बघा. मागच्या स्पॉकेटला 42 दात आणि चेनला शंभर कड्या धरल्या तर ताशी पन्नास किलोमीटरला चेनची अख्खी फेरी सेकंदाला तीन वेळा होते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चारदा हलतो : पुढच्या स्पॉकेटवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागच्यावर पुन्हा तेच. पुण्याहून साताऱ्याला जाईपर्यंत एकेक सांधा असा लाखभर वेळा हललेला असतो. तेवढ्या वेळात वरच्या माणसाने एकदा कंबर मोडतेय म्हणून चहाला गाडी थांबवलेली असते.

ही चेन बनवण्याची आजची रीत स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मँचेस्टरला धंदा करणाऱ्या हान्स रेनॉल्डने 1880 साली काढली. तो कापडगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवत असे. पिन, पिनेवर बुश, बुशवर फिरता रोलर, आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. रोलर दातावर घासण्याऐवजी फिरतो, म्हणून झीज कमी. इतक्या वर्षांत या रचनेत मूळचं काही बदललेलं नाही, आणि नीट ठेवली तर साधी चेन शंभरातली पंचाण्णवहून जास्त ताकद चाकापर्यंत पोचवते. अट ‘नीट ठेवली तर’ या तीन शब्दांत आहे. रेनॉल्डने आपल्या गाड्या बघितल्या असत्या तर तो गिरण्यांतच थांबला असता.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो. पोलादाच्या पट्ट्या काही ताणत नाहीत. झिजते ती पिन आणि तिच्याभोवतीचा बुश. एका सांध्यात पाव मिलीमीटर झीज झाली तर ती डोळ्याला दिसतही नाही, पण शंभर सांध्यांची बेरीज इंचभर भरते. मग चेन लोंबते, कव्हरवर आपटते, आणि मालकाला पहिल्यांदा शोध लागतो की आपल्या गाडीला चेन आहे.

हा शोध कानाने लागतो. आधी खड्ड्यातून जाताना नुसतं एक ‘खड्’. माणूस म्हणतो, नंबरप्लेट असेल. नंबरप्लेट घट्ट करतो. मग स्पीडब्रेकरवर ‘खड् खड्’. माणूस साडीगार्डला तार बांधतो. मग गियर टाकताना खटका बसायला लागतो. इथे चहाच्या टपरीवर समिती बसते. एक जण म्हणतो चेन, एक म्हणतो ड्रम रबर, एक म्हणतो मागचं बेअरिंग, आणि ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही तो छातीठोकपणे इंजिनाचं काम सांगतो. यातला ड्रम रबरवाला बरेचदा बरोबर असतो. मागच्या स्पॉकेटचा धक्का चाकाला थेट बसू नये म्हणून मधे रबराचे तुकडे असतात. ते चेपले की चेन नवी असूनही खटका बसतो. पण तो हळू आवाजात बोलतो, त्यामुळे ठराव इंजिनाचा होतो.

यावर अण्णांचा निकाल ठरलेला. ‘अजून चालतंय की!’ आणि चेनची अडचणच ही आहे की ती खरोखरच चालते. पेट्रोल संपलं की गाडी थांबते, पंक्चर झालं की थांबते, प्लग गेला की थांबते. चेन मात्र महिनोन्‌महिने तक्रार करत राहते आणि काम सोडत नाही. अशा कामगाराची कुठल्या कचेरीत दखल घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी गाडी गॅरेजला जाते. तिथे मिस्त्री इंजिनवाल्या गिऱ्हाइकाशी बोलत असतात आणि चेनचं खातं बारक्याकडे असतं. बारक्या गाडी डबल स्टँडवर घेतो आणि चपलेच्या अंगठ्याने चेन वर उचलून बघतो. हे त्याचं मोजमाप. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत यासाठी आकडा दिलेला असतो : शहरातल्या बहुतेक साध्या गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध वीस ते तीस मिलीमीटर खेळ हवा. पण पुस्तिका विम्याच्या कागदांसोबत कपाटात, शोरूमच्या प्लॅस्टिकमध्ये, न उघडलेली. शिवाय चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार ठिकाणी खेळ बघावा लागतो आणि जिथे ती सर्वांत घट्ट आहे तिथला धरावा लागतो. बारक्याचा अंगठा एकदाच टेकतो. तो मागे वळून म्हणतो, ‘लय लूज झालीय, काका.’ मग एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर आवळतो. आवळतो म्हणजे आवळतोच.

‘एकदम टाइट केलीय. आता सहा महिने बघायला नको.’

हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, आणि इथेच सगळं बिघडतं. माणूस बसला की मागचं चाक वर दबतं, आणि दबताना एका टप्प्यावर दोन स्पॉकेटांमधलं अंतर वाढतं. रिकाम्या गाडीवर कडक आवळलेली चेन नवरा, बायको, मधे मुलगा आणि हँडलला भाजीची पिशवी एवढा संसार चढल्यावर ताठ होते. तो ताण मग गियरबॉक्सच्या शाफ्टवर आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. सैल चेन निदान ओरडून सांगते. कडक चेन गप्प राहून बेअरिंग खाते, आणि गप्प आहे म्हणून तिचं कौतुक होतं. भरीला चाक मागे सरकल्यामुळे मागच्या ब्रेकची सळईही ओढली जाते. ती सैल करायची राहून गेली तर ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. आठवड्याने माणूस टपरीवर सांगतो की हल्लीच्या पेट्रोलमध्ये काही राम राहिलेला नाही.

अ‍ॅडजस्टरजवळ दोन्ही बाजूंना खुणा असतात. त्या दोन्हीकडे सारख्या आल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि चेन दातांच्या कडेवर घासत चालते. खुणा बघण्यासाठी आधी त्यांच्यावरचा चिखल खरवडावा लागतो. एवढं कोणी करत नाही.

मग ऑइल. गॅरेजमध्ये एक कापलेला डबा असतो, त्यात इंजिनातून काढलेलं काळं ऑइल असतं आणि त्यात दात झडलेला एक ब्रश उभा असतो. या डब्याचा तळ कोणी पाहिलेला नाही. ज्या ऑइलला इंजिनाने ‘आता माझ्याच्याने होत नाही’ म्हणून बाहेर काढलं, ते काजळी आणि धातूच्या कणांसकट चेनवर फासतात. कारण ते फुकट असतं. चेन काळीभोर चमकते, आणि पहिल्याच वेगात त्यातलं निम्मं रिमवर, एक चतुर्थांश पँटीच्या पोटरीवर आणि उरलेलं मागे बसलेल्या वहिनींच्या साडीच्या काठावर जातं. साडीगार्ड कापड अडकू देत नाही. शिंतोड्यांबद्दल नियम गप्प आहेत.

खरं तर नव्वद नंबरचं गियर ऑइल यासाठी उत्तम, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. ते लावायची जागा मात्र चुकू नये : खालच्या बाजूच्या चेनला, आतल्या अंगाने. फिरताना ऑइल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, म्हणजे आतून लावलेलं सांध्यांतून झिरपत बाहेर येतं. बाहेरून लावलेलं नुसतं उडतं. गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना लावावं आणि रात्रभर मुरू द्यावं. पाचशे-सहाशे किलोमीटरला एकदा, पावसात भिजली की त्याआधीही. कोकणात जून ते सप्टेंबर चेनला गंज धरायला दोन रात्री पुरतात. उसाच्या पट्ट्यात उलटी तऱ्हा. तिथे माणूस प्रेमाने जाड ग्रीस थापतो, त्यावर फडातली माती बसते, आणि गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट विकत आणतात तिच्या जवळपास जाणारं मिश्रण त्याच्या चेनवर घरच्या घरी तयार होतं.

एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, गियरमध्ये, आणि फिरत्या चेनला फडकं लावून पुसणं. हे अनेक गॅरेजांत दिसतं. फडकं चेनमध्ये जातं आणि फडक्यामागे बोट जातं. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. वेळ लागतो, लागू दे.

हे झालं चेनकडे न बघणाऱ्यांचं. दुसरा पंथ फक्त चेनकडेच बघतो. हा तरुण हिंजवडीत नोकरी करतो, लडाखला जाऊन आलेला असतो किंवा जाणार असतो. रविवारी सकाळी तो पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरतो. त्याच्याकडे धुण्याचा स्प्रे वेगळा, लावण्याचा वेगळा, तीन बाजूंचा ब्रश, हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला उशी असते. त्याच्या गाडीला ओ-रिंगची चेन आहे. या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधलं ग्रीस कारखान्यातच भरून दोन्ही बाजूंना रबरी कड्यांनी बंद केलेलं असतं. म्हणजे बाहेरून लावलेला स्प्रे खऱ्या सांध्यापर्यंत पोचतच नाही. तो रोलरसाठी, गंज टाळण्यासाठी आणि ते रबर सुकू नये म्हणून. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, ‘हो, पण माझी एक्स-रिंग आहे,’ आणि फवारणी चालू ठेवतो.

त्याच्या दोन भीती मात्र खऱ्या आहेत. पेट्रोलने ही चेन धुतली तर रबर खराब होतं, आणि तारेच्या ब्रशने घासली तर ते कापलं जातं. मऊ ब्रश आणि रॉकेल चालतं, पण रॉकेल पुण्यात आणायचं कुठून? त्याच्या आजीने उमेदीची वर्षं रॉकेलच्या रांगेत काढली. नातू ते कुठूनसं लिटरभर मिळवून चेनला आंघोळ घालतोय हे तिने गॅलरीतून पाहिलं, तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून त्याने पुठ्ठा आवरला.

चेन बदलायचीच झाली तर पुण्यात पावलं नाना पेठेकडे वळतात. तिथल्या काउंटरवर पहिला प्रश्न अत्यंत प्रामाणिक असतो : ‘ओरिजिनल देऊ का डुप्लिकेट?’ जगात दुसरीकडे डुप्लिकेट माल लपवून विकतात. आपल्याकडे तो विचारून, भाव सांगून आणि ‘दोन्ही एकच आहे हो’ अशी खात्री देऊन विकतात. गिऱ्हाईक विचारतं, ‘टिकेल ना?’ दुकानदार म्हणतो, ‘ओरिजिनल असेल तर टिकेल.’ मग गिऱ्हाईक डुप्लिकेट घेतं.

चेनच्या पट्टीवर आकडे कोरलेले असतात. ते वाचले तर निम्मं काम होतं. 428 मधला पहिला 4 म्हणजे दोन पिनांमधलं अंतर इंचाच्या आठ भागांपैकी चार, अर्थात अर्धा इंच. 520 किंवा 530 मध्ये ते आठांपैकी पाच. पुढचे दोन आकडे रुंदीचे. मागे एच असेल तर पट्ट्या जाड. आपल्या कम्यूटर गाड्यांचा मुलूख 428 चा. कोइंबतूरच्या एलजीबीची रोलॉन आणि चेन्नईच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची डायमंड ही नावं कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात भिंतीवर लटकलेली दिसतात. डीआयडी जपानी. सोनेरी रंगाची चेन महाग मिळते. त्या मुलाम्याने गंज लांबतो हे खरं, पण ती कव्हर असलेल्या गाडीला बसवून घेणारा एक गृहस्थ मला माहीत आहे. ‘मला माहितेय ना आत सोन्याची आहे,’ असं तो म्हणतो.

चेन एकटी घेऊ नये, पुढचं-मागचं स्पॉकेट मिळून अख्खा सेट घ्यावा हे दुकानदार सांगतो ते त्याच्या फायद्याचं असूनही खरं आहे. जुन्या चेनबरोबर झिजून दात एका बाजूला झुकून टोकदार झालेले असतात. त्यांच्यावर नवी चेन घातली की ते तिला काही महिन्यांत आपल्या वळणावर आणतात. याच वेळी मागून कोणीतरी सुचवतो की पुढचं स्पॉकेट एक दात मोठं टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल. 14 चे 15 केले की इंजिनाला सात टक्के कमी फिरावं लागतं, हिशेब बरोबर आहे. तो हिशेब खंबाटकीत, मागे मेहुणा बसलेला असताना, दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर येताना पुन्हा तपासावा.

सेट हजार-दीड हजाराचा. तो वाचवायला मिस्त्रींकडे एक जुना उपाय आहे : कडी काढणे. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेला टेकले, आता चेन आणखी ओढता येत नाही, तर छिन्नी-हातोड्याने कडी उडवायची. लांबी कमी होते, चेन ताठ दिसते, झिजलेले सांधे मात्र सगळे तिथेच. वजनकाट्याची सुई मागे फिरवून वजन उतरवण्यातला हा प्रकार. खरी परीक्षा पट्टीने होते. 428 ची चेन ताणून धरून वीस कड्यांची लांबी मोजायची. नवी 254 मिलीमीटर भरते. 259 भरली की तिचा निरोपसमारंभ करावा.

जोडताना चेनचं लॉक बघून घ्यावं. त्या क्लिपचं एक तोंड बंद, एक उघडं असतं. बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते तिकडे हवं. उलटं बसलं तर क्लिप कशात तरी अडकून निघून जाते, आणि मग चेन रस्त्यावर पडून राहते, गाडी पुढे जाते. ते नशीब चांगलं असेल तर. नाहीतर चेन पुढच्या स्पॉकेटपाशी गोळा होते आणि इंजिनाचं कव्हर फोडते.

अण्णांच्या चेनचं असं काही झालं नाही. कडी दोनदा काढून झाली, काळं ऑइल वर्षातून एकदा दिवाळीच्या सर्व्हिसिंगला पाजून झालं, आणि एके दिवशी स्पॉकेटच चेनला धरेना. गाडी सुरू, गियरमध्ये, क्लच सोडलेला, आत नुसता कडकडाट, आणि अण्णा जागच्या जागी. तेव्हा कुठे ‘अजून चालतंय’ हे म्हणायची सोय उरली नाही. सेट बदलला. मिस्त्रींनी जुनी चेन वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली. फेकायचा प्रश्नच नव्हता. फाटकाला कुलूप लावायला, पाण्याच्या टाकीचं झाकण बांधायला, कशालाही लागते.

संध्याकाळी अण्णा पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसलेले दिसले. समोर थाळीत रॉकेलने धुतलेली, पुसलेली जुनी चेन. हिंजवडीवाल्याकडून मागून आणलेला महागडा स्प्रे ते एकेका सांध्यात, आतल्या अंगाने, हळूहळू मारत होते.

‘अण्णा, आता तिला कशाला?’

‘अरे, खिळ्याला टांगून ठेवायची आहे ना,’ अण्णा म्हणाले. ‘गंजेल नाहीतर.’